नक्षी मोकळी, नांव राखलेलें

सोलापुरी चादर ज्या घरांत नाहीं असें घर महाराष्ट्रांत शोधूं गेल्यास सहसा सांपडणार नाहीं. प्रवासाच्या वळकटींत ती असते, पाहुण्याच्या अंथरुणावर ती असते, आणि विटली-विरली म्हणजे इस्त्रीच्या टेबलावर पसरून ती आणखी दहा वर्षें सेवा करिते. तिच्यावरील मोर, वेलबुट्टी, किनारीचे चौकोन हें सर्व आपण लहानपणापासून इतक्या वेळां पाहिलेलें असतें कीं, तें कोणीतरी एके काळीं मान मोडून बसून काढलें असेल हा विचारच मनांत येत नाहीं. चित्राच्या कोपऱ्यांत चित्रकाराची सही असते. अभंगाच्या शेवटीं संताचें नांव असतें. चादरीच्या कोपऱ्यास असते ती कारखान्याची चिठ्ठी. मोर कोणाचा, ह्या प्रश्नास ती चिठ्ठी उत्तर देत नाहीं.

हा प्रश्न कोणास पोरकट वाटेल. परंतु गेल्या चाळीस वर्षांत संगणकाच्या जगांत एक मोठा समाज ह्याच प्रश्नाभोंवतीं गुंतून राहिला आहे. ह्या समाजांतील लोक आपले श्रम विनामूल्य वांटून टाकतात: कोणी सॉफ्टवेअर लिहितो, कोणी त्यासाठीं चित्रें, चिन्हें आणि अक्षरें काढून देतो. वांटावयाचें हें एकदां ठरलें म्हणजे पुढें कांहीं उरलें नाहीं असें आपणांस वाटतें. त्यांचा अनुभव असा कीं, खरी अडचण तेथूनच सुरू होते. घेणारानें नांव सांगावें कीं नाहीं? चित्रांत बदल केला तर तें बदललेलें चित्र त्यानेंही मोकळें ठेवावें कीं कुलुपांत घालावें? विकावें कीं विकूं नये? ह्या अटींचा इतिहास वाचीत असतां मला वारंवार सोलापूर जिल्हा आठवत गेला. कारण ह्यांतील बहुतेक प्रश्न त्या भूमीवर, कांहीं कापडावर आणि कांहीं अभंगांत, पूर्वींच उभे राहून गेलेले आहेत.

प्रथम कापडाचें पाहूं. सोलापुरी चादर जकार्ड मागावर विणली जाते. ताण्याचा कोणता धागा कोणत्या क्षणीं वर उचलावयाचा हें त्या मागास पुठ्ठ्याच्या पट्ट्या सांगतात. जेथें पट्टीस भोंक असेल तेथें सुई आंत शिरते व धागा उचलला जातो. जेथें पुठ्ठा कोरा असेल तेथें धागा खालींच राहतो. एक पट्टी म्हणजे बाण्याच्या एका धाग्यापुरती आज्ञा. अशा पट्ट्या दोऱ्यानें ओवून त्यांची माळ करितात, आणि ती माळ एकदां पुरी फिरली म्हणजे मोर पुरा होतो. त्यापूर्वीं नक्षीकारानें चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून तो मोर काढलेला असतो, व तो कागद पाहून दुसऱ्यानें भोंकें पाडलेलीं असतात. वीण दुहेरी असल्यामुळें चादरीच्या दोन्ही अंगांस नक्षी उमटते, आणि एका अंगास जो रंग भुईचा तोच दुसऱ्या अंगास मोराचा होतो.

तेव्हां एकाच मोराचीं तीन रूपें झालीं: कागदावरचें, पट्ट्यांवरचें आणि कापडावरचें. पहिलें चित्र आहे, तिसरें माल आहे. मधलें काय आहे? तें डोळ्यांस मोरासारखें दिसत नाहीं आणि अंगावरही घेतां येत नाहीं. ती केवळ यंत्रास केलेली आज्ञा आहे. हीच गोष्ट इंग्लंडांत चार्ल्स बॅबेज ह्यानें हेरली. फ्रान्सांतील ल्यों शहरीं १८३९ सालीं खुद्द जकार्डचें एक रेशमी चित्र मागावर विणण्यांत आलें. त्यास सुमारें २४,००० पट्ट्या लागल्या. बॅबेजनें त्याची एक प्रत मोठ्या हौसेनें मिळविली, आणि आपल्या नियोजित गणनयंत्रास आज्ञा देण्यासाठीं भोंकांच्या पट्ट्यांचीच युक्ति घेतली. १८४३ सालीं एडा लव्हलेस हिनें त्या यंत्रावर टिपणें लिहिलीं तेव्हां तिलाही उपमा सुचली ती जकार्डच्या फुलापानांचीच. आज ज्यास आपण सॉफ्टवेअर म्हणतों त्याच्या वंशवृक्षावर अशा रीतीनें एक मागवाला बसलेला आहे.

ह्या जकार्डच्या चरित्रांत एक घटना आहे ती येथें सांगितलीच पाहिजे. १८०५ सालीं नेपोलियन ल्योंस आला असतां त्यानें हा माग पाहिला, आणि त्याचा हक्क ल्यों शहरास देवविला. जकार्डला तहहयात सालीना ३,००० फ्रँक ठरले, आणि सहा वर्षेंपर्यंत चालू होणाऱ्या प्रत्येक मागामागें ५० फ्रँक. यंत्र गांवाचें झालें. करणाराची भाकरी मात्र बुडाली नाहीं. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८०६ सालीं, त्याच शहरासाठीं दुसरा कायदा झाला. त्या अन्वयें कारखानदारास आपल्या नक्षीचा नमुना मोहोरबंद करून एका पंचायतीपाशीं ठेवतां येऊं लागला, व मग एक, तीन वा पांच वर्षें, किंवा कायमचा, त्या नक्षीवर त्याचाच हक्क चाले. एकाच गांवीं, एकाच वर्षाच्या अंतरानें, यंत्र मोकळें झालें आणि नक्षी कुलुपांत गेली. हे दोन निर्णय परस्परविरोधी दिसतात खरे; पण ल्योंच्या लोकांस तसें वाटलें नसावें. माग सर्वांस हवा होता. मोर ज्याचा त्यास हवा होता.

सोलापुरास हा माग आला तो लांबचा प्रवास करून, आणि तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या हातीं तो स्थिरावला. शहराचा पूर्व भाग आजही त्यांच्या तेलुगु बोलीनें ओळखूं येतो. येथील नक्षीवर कायदा कोणता लागू होतो हें पाहिलें तर मोठी चमत्कारिक स्थिति दिसते. कापडावर उतरावयाची नक्षी २००० च्या डिझाइन कायद्याखालीं नोंदविली तर दहा वर्षें, व वाढवून घेतल्यास आणखी पांच वर्षें, ती नोंदविणाराची राहते. परंतु नोंद बाजारांत माल येण्यापूर्वीं व्हावी लागते. जी नक्षी एकदां लोकांनीं पाहिली ती नवी राहत नाहीं. आणि न नोंदविल्यास काय? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचें १५ वें कलम सांगतें कीं, नोंदणीस पात्र असून न नोंदविलेल्या नक्षीच्या कारखानी पद्धतीनें पन्नासांहून अधिक प्रती निघाल्या कीं तिच्यावरील कॉपीराइट संपला. ह्या कलमाचा अर्थ लावण्याचा प्रसंग दिल्ली उच्च न्यायालयावर आला तोही गाद्यागिरद्यांच्या कापडावरील फुलांमुळेंच. २००९ च्या त्या निकालांत न्यायालयानें असें ठरविलें कीं, कापडासाठींच काढलेलीं असलीं फुलें डिझाइन-कायद्याच्या कक्षेंत येतात, चित्र म्हणून त्यांस आयुष्यभराचें संरक्षण मागतां येत नाहीं.

पन्नास चादरी! चालत्या कारखान्यांत ही संख्या भरावयास किती दिवस लागणार? म्हणजे ज्या नक्षीकाराच्या मालकानें नोंदणीची यातायात केली नाहीं, त्याचा मोर एक्कावन्नाव्या चादरीबरोबर पिंजऱ्यांतून उडाला असें समजावें. त्यास कोणी विचारलें नाहीं. त्यानें कोणास परवानगी दिली नाहीं. त्याचें नांव तर पहिल्या चादरीवरही नव्हतें. मोकळीक झाली, परंतु ती दानानें नव्हे, दुर्लक्षानें.

दानानें मोकळीक कशी होते हें पाहण्यासाठीं त्याच जिल्ह्यांत पंढरपुराकडे वळलें पाहिजे. वारकरी संतांच्या वाङ्मयाएवढें मोकळें वाङ्मय कोणतें? अरणच्या सांवता माळ्याचा अभंग कोणीही म्हणावा, मंगळवेढ्यास ज्याचा अंत झाला त्या चोखामेळ्याचा अभंग कोणीही उतरून घ्यावा. त्यासाठीं कोणाची परवानगी नको आणि कोणास द्रव्य द्यावयाचें नाहीं. तरीही ह्या मोकळेपणास एक अट होती, व ती कागदावर नसून खुद्द अभंगाच्या विणींतच घातलेली होती. शेवटच्या चरणांत कर्त्याचें नांव गुंफलेलें असतें. त्या नांवास आपण मुद्रिका म्हणतों. अभंग म्हणावयाचा तर नांव म्हणावेंच लागतें. आजच्या परवान्यांत जी ‘कर्त्याचा नामनिर्देश करावा’ म्हणून पहिली अट असते ती पाळण्याची इतकी बिनतोड युक्ति कोणत्याही वकिलास सुचलेली नाहीं.

अट मोडणारेही निघालेच. तुकोबांच्या काळीं सालोमालो नांवाचा कोणी हरिदास त्यांच्या अभंगांतील मुद्रिका काढून तेथें आपली घालीत असे, आणि त्याजवर संतापून रचलेले अभंग तुकारामगाथेंत आहेत. विचार करण्याजोगें हें आहे कीं, तुकोबांची तक्रार अभंग म्हटल्याची नाहीं आणि त्यावर पोट भरल्याचीही मुख्यतः नाहीं. दुसऱ्याचें बोल आपले म्हणून मिरविल्याची आहे. ज्यानें कर्जखतांचे कागद इंद्रायणींत बुडविले अशी कथा आहे, त्यास आपल्या शब्दांवरचें नांव मात्र सोडवलें नाहीं. ह्यांत मला विसंगति दिसत नाहीं. मालकी सोडणें ही एक गोष्ट आहे आणि कर्तृत्व नाकारलें जाणें ही दुसरी.

उलट बाजूनें नामदेवांचें उदाहरण घ्यावें. तेथें मुद्रिका चोरीस गेली नाहीं. ती दोघांची एकच झाली. नामदेवांनंतर दोन शतकांनीं विष्णुदास नामा म्हणून दुसरा कवि झाला, आणि ‘नामा’ ह्या एका नांवाखालीं दोघांची रचना गाथेंत अशी मिसळली कीं, ती निवडतांना अभ्यासकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. नांव राखण्याची अट केवळ अहंकाराची आहे असें ज्यांस वाटतें त्यांनीं हें ध्यानांत आणावें. नामनिर्देश हा पुढच्या वाचकाचाही हक्क आहे.

आणि तिसरी अट एकनाथांची. ज्ञानेश्वरीच्या नकला होतां होतां पाठ बिघडले, म्हणून शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ त, नाथांनीं अनेक प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला. तो सर्वांसाठीं मोकळाच ठेवला. पण शेवटीं आपल्या ओव्यांत बजावून ठेविलें कीं, ह्या पाठांत जो कोणी आपली ओवी घुसडील तो अमृताच्या ताटांत नरोटी ठेवील. वाटेल तितक्या प्रती करा, परंतु आंत हात घालूं नका. आजच्या परवान्यांच्या भाषेंत ‘फेरफारास मनाई’ म्हणून जें कलम आहे, तें हेंच. नाथांच्या पाठीशीं न्यायालय नव्हतें. होती ती केवळ नरोटीची उपमा आणि संप्रदायाचा धाक. तेवढ्यावर काम भागलें, कारण ग्रंथ वाचणारे आणि उतरणारे एकाच श्रद्धेचे होते. ज्या समाजांत देणारा आणि घेणारा एकमेकांस कधीं पाहणारच नाहींत, तेथें ह्या धाकाची जागा लिखित अटीनें भरून काढावी लागते.

असा अनोळख्यांचा समाज रिचर्ड स्टॉलमन ह्यानें १९८३ सालीं ग्नू प्रकल्पाची घोषणा केली तेव्हांपासून उभा राहूं लागला. त्याचा परवाना, जनरल पब्लिक लायसन्स, १९८९ त निघाला, आणि त्याची दुसरी आवृत्ति १९९१ त. त्यांतील मुख्य कल्पना मोठी धूर्त होती. कॉपीराइट सोडून द्यावयाचा नाहीं. तो हातीं ठेवून त्याच्याच जोरावर सांगावयाचें कीं, घ्या, बदला, विका, मात्र पुढें देतांना मूळ संहितेसह आणि ह्याच अटींवर द्या. कुलूप करणाराच्या कायद्यानें दार उघडें ठेवण्याचा हा प्रकार होता. परंतु तो परवाना सॉफ्टवेअर डोळ्यांपुढें ठेवून लिहिलेला. सॉफ्टवेअराबरोबर पडद्यावरचीं चिन्हें, खेळांतील देखावे, बोधचिन्हें येऊं लागलीं तेव्हां अडचण उभी राहिली. चित्राची ‘मूळ संहिता’ कोणती? परवाना म्हणतो, बदल करण्यास जें रूप सर्वांत सोयीचें तें मूळ. म्हणजे चित्रकारानें थरावर थर चढवून रंगविलेली फाइल द्यावी, कीं तयार झालेलें सपाट चित्र पुरें? सोलापूरच्या भाषेंत विचारावयाचें तर, चौकटीचा कागद द्यावयाचा कीं चादर दाखवून चालेल? चादर पाहून मोर पुन्हां काढतां येतो; पण ज्यानें तें काम केलें आहे त्यास कागद हातीं असण्याची किंमत विचारावी.

आरंभीं चित्रकारांनीं ह्या भानगडींत न पडतां साधीं वचनें दिलीं. लिनक्सचा जो गुबगुबीत पेंग्विन जगभर ओळखला जातो, तो लॅरी ईविंग ह्यानें १९९६ त काढला. त्याची अट एवढीच कीं, वापरा आणि बदला, मात्र कोणी विचारल्यास माझें आणि ज्या साधनानें काढला त्या गिंप सॉफ्टवेअराचें नांव सांगा. ‘कोणी विचारल्यास’! ह्या दोन शब्दांत एक आख्खा काळ दिसतो. तो भल्या माणसांचा भल्या माणसांशीं झालेला तोंडी व्यवहारच म्हणावयाचा. त्या पेंग्विनानें पुढें एवढें जग पाहिलें आणि तरीही त्या अटीवर भांडण झालें नाहीं, हें त्या चित्रकाराचें भाग्य.

सर्वांच्या वांट्यास हें भाग्य येत नाहीं, म्हणून २००१ त अमेरिकेंत क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था निघाली व २००२ च्या डिसेंबरांत तिचे परवाने प्रसिद्ध झाले. चार अटींच्या मेळांतून सहा परवाने होतात: नांव द्या, बदललेलें तुम्हीही तसेंच मोकळें ठेवा, धंद्यासाठीं वापरूं नका, बदलूं नका. २००७ च्या जानेवारींत भारतीय कायद्यास जुळवून घेतलेली त्यांची आवृत्ति मुंबईस आय. आय. टी. मध्यें प्रसिद्ध झाली. पुढें २०१३ त चौथी आवृत्ति निघाली, ती सर्व देशांस एकच.

हे परवाने आले म्हणून वाद मिटला नाहीं. तो केवळ सुशिक्षित झाला. डेबियन नांवाच्या समाजानें १९९७ सालींच आपली कसोटी ठरवून ठेविली होती, आणि तिचें एक कलम असें कीं, कोणत्याही उद्योगास वापराची मनाई नसावी. त्यामुळें ‘धंद्यासाठीं नको’ म्हणणारें कोणतेंही चित्र त्यांच्या दारांतच अडतें. पुष्कळ चित्रकारांस ही कसोटी निष्ठुर वाटते: मी फुकट दिलें, त्यावर दुसऱ्यानें पैसे कां मिळवावे? ह्या तक्रारींत जीव आहे. तरी मला डेबियनचें म्हणणेंच पटतें. ‘धंदा’ म्हटलें कीं चित्रकाराच्या डोळ्यांपुढें मोठी कंपनी येते. पण दोन मागांवर चार चादरी विणून विकणारा विणकरही धंदाच करितो. कंपनी चित्रकार पगारानें ठेवील. ह्या विणकरास मात्र ते चित्र परकें झालें. कंपनीनें गिळंकृत करूं नये एवढीच भीति असेल तर ‘बदललेलें मोकळें ठेवा’ ही अट तें काम अधिक न्यायानें करिते, कारण ती पैशास अडवीत नाहीं, कुलुपास अडविते.

मात्र ह्या अटीचेही स्वतःचे पेंच आहेत. ‘मोकळें ठेवा’ म्हणणारे दोन वेगवेगळे परवाने एकाच वस्तूंत आले कीं प्रत्येक म्हणतो, माझ्याच अटींवर ठेवा. सॉफ्टवेअर एका परवान्याखालीं आणि त्यांतील चित्रें दुसऱ्या, अशी जोडणी करूं पाहणाऱ्यांनीं ह्यांत पुष्कळ काळ घालविला. टँगो ह्या चिन्हसंग्रहानें तर २००९ त आपल्या अटीच उचलून ठेविल्या आणि चित्रें सर्वांच्या मालकीचीं म्हणून जाहीर केलीं. त्यानंतर सहा वर्षांनीं, २०१५ च्या ऑक्टोबरांत, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या त्या परवान्याची चौथी आवृत्ति ग्नूच्या तिसऱ्या आवृत्तींत मिसळतां येते असें ठरलें. तेंही एकाच दिशेनें. चित्र सॉफ्टवेअराकडे नांदावयास जाऊं शकतें. परत माहेरीं येऊं शकत नाहीं.

आपल्या देशाच्या कायद्यांत तर आणखी एक खांच आहे, आणि ती फारशा चित्रकारांस ठाऊक नसते. कॉपीराइट कायद्याप्रमाणें परवाना लेखी असावा लागतो. पूर्वीं तो सहीचा हवा असे; २०१२ च्या दुरुस्तीनें सहीची अट गेली, आणि संगणकावर लिहून ठेवलेल्या परवान्यांचा मार्ग सुकर झाला. परंतु त्यांत मुदत लिहिली नसेल तर कायदा पांच वर्षें धरतो, आणि मुलूख लिहिला नसेल तर भारतापुरताच धरतो. म्हणजे भोळेपणानें ‘हें चित्र कोणीही वापरावें’ एवढेंच लिहून ठेवणाराचें दान पांच वर्षांनीं आटूं शकतें, आणि परदेशांत तर तें पोंचतच नाहीं. परवान्यांतील ‘सर्व जगांत’ आणि ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीपर्यंत’ हे शब्द वाचणारास वकिली पाल्हाळ वाटतात. येथें ते शब्दच दानाचें उदक आहेत. ज्यास सर्वच सोडावयाचें आहे त्यास २१ व्या कलमाखालीं जाहीर सूचनेनें आपले हक्क सोडतां येतात. तरी ५७ व्या कलमांतला कर्तृत्वाचा हक्क निराळा उरतो, व तो मालकी विकली तरी जात नाहीं. विज्ञानभवनांतील आपलें भित्तिशिल्प सरकारनें उखडून टाकलें म्हणून शिल्पकार अमरनाथ सहगल ह्यांनीं दावा लाविला, आणि २००५ त निकाल त्यांच्या बाजूनें झाला तो ह्याच कलमावर. तुकोबांची फिर्याद आज असती तर ती ह्याच कलमाखालीं दाखल झाली असती.

मराठी माणसाचा ह्या सर्व प्रकरणाशीं रोजचा संबंध येतो तो अक्षरांच्या द्वारां. संगणकावरील अक्षर हें चित्र आहे, आणि तें उमटविणारी फाइल ही आज्ञा आहे. म्हणजे पुन्हां जकार्डची पट्टीच. रघुनाथ कृष्ण जोशी ह्या थोर अक्षरकारानें काढलेला ‘मंगल’ फॉन्ट विंडोजबरोबर घरोघर पोंचला, परंतु तो मायक्रोसॉफ्टचा. त्याची प्रत काढून वांटतां येत नाहीं. मोकळ्या देवनागरी अक्षरांसाठीं पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनें घडविलेलीं अक्षरें रेड हॅट कंपनीनें २००४ त ‘लोहित’ ह्या नांवानें प्रसिद्ध केलीं. लोहित म्हणजे तांबडा; कंपनीच्या टोपीचा रंग तोच. आरंभीं त्यांवर ग्नूचा परवाना होता, आणि तेथें एक शंका निघाली. छापील पुस्तकासाठीं केलेल्या फाइलींत फॉन्टचे तुकडे भरलेले असतात; मग त्या पुस्तकासही तोच परवाना लागू होणार कीं काय? कादंबरी एकाची, अक्षरें मोकळीं, म्हणून कादंबरीही मोकळी? अक्षर देणाराच्या मनांत असें कधींच नव्हतें; पण परवाना अक्षरांसाठीं शिवलेला नसल्यानें तो अंगावर नीट बसेना. अखेर २०११ त लोहित हा ‘ओपन फॉन्ट लायसन्स’ ह्या अक्षरांसाठींच लिहिलेल्या परवान्याखालीं आणण्यांत आला. मुंबईच्या एक टाइप ह्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्टही ह्याच परवान्याचे. हे शब्द वाचक ज्या मासिकांत वाचीत आहे त्यांसारख्या पुष्कळ मासिकांचे चालक असल्या अक्षरांवरच आपला संसार भागवितात, आणि आभाराची ओळ बहुधा विसरतात.

ह्या परवान्याचीं कलमें दोनच सांगतों. पहिलें असें कीं, त्यानें केलेला कागद हा परवान्याच्या बाहेर. शंकेचें मूळच त्यानें खुडलें. दुसरें अधिक मनोरंजक आहे. फॉन्ट घ्या, बदला, दुसऱ्या मालाबरोबर विका. परंतु मूळ कर्त्यानें नांव राखून ठेविलें असेल तर बदललेल्या अक्षरांस तें नांव देऊं नका. आकार मोकळा, नांव राखलेलें.

ह्याच भेदावरून डेबियन आणि मोझिला ह्यांच्यांत २००६ त जी गांठ पडली ती प्रसिद्ध आहे. फायरफॉक्सची संहिता मोकळी होती. पण त्याचा कोल्हा, म्हणजे बोधचिन्हाचें चित्र, मोकळें नव्हतें, म्हणून डेबियननें तें घेतलें नाहीं. मोझिलानें म्हटलें, चित्र नको तर नांवही नको. तेव्हां डेबियननें तेंच सॉफ्टवेअर ‘आइसवीझल’ ह्या नांवानें चालविलें, आणि दहा वर्षें त्यांच्या वापरणारांस तोच मनुष्य दुसऱ्या टोपीखालीं भेटत राहिला. २०१६ त समेट झाला व जुनें नांव परत आलें. हें भांडण बाहेरच्यास हास्यास्पद वाटलें; पण त्यांत दोघांचेंही बरोबर होतें. डेबियनला मोकळें नसलेलें चित्र नको होतें, आणि मोझिलाला आपल्या नांवाखालीं दुसऱ्याचा माल नको होता.

आतां चादरीकडे परत येतों. १९९९ चा भौगोलिक निर्देशांचा कायदा २००३ त अमलांत आला, आणि त्याखालीं अगदीं आरंभीच्या नोंदींत, २००५-०६ ह्या वर्षांत, ‘सोलापूर चादर’ आणि ‘सोलापूर टेरी टॉवेल’ हीं नांवें दाखल झालीं. ह्या नोंदीनें काय राखलें हें नीट पाहिलें पाहिजे. मोर राखला नाहीं. तो पन्नास प्रतींबरोबर केव्हांच उडून गेला होता. दुसऱ्या प्रांतांतील कारखानदारानें तोच मोर, त्याच रंगांत, खुशाल विणावा; मात्र त्या मालास सोलापूरची चादर म्हणून विकूं नये. ओपन फॉन्ट लायसन्सच्या दुसऱ्या कलमाचा हाच अर्थ नव्हे काय? एकीकडे परदेशांतील अक्षरकारांनीं विचारपूर्वक जें लिहून काढलें, तेंच दुसरीकडे कायद्यांच्या योगायोगानें सोलापूरच्या विणकरांच्या वांट्यास आलें. फरक एवढाच कीं, अक्षरकारानें आकार आपण होऊन दिला होता.

आणखीही एक फरक आहे, आणि तो मला सलतो. फॉन्टच्या फाइलींत कर्त्याचें नांव, साल आणि परवाना लिहिलेला असतो, व प्रत करणारानें तो पुसूं नये अशी अट असते. ज्यास पाहावयाचें तो पाहूं शकतो. चादरीच्या मोराचें तसें नाहीं. कायद्यानें तो मोकळा आहे, परंतु त्याचा चौकटीचा कागद ज्या कारखान्यांत राहिला तेथेंच राहिला, पट्ट्यांचा पुठ्ठा जीर्ण होतो, आणि नव्या मागांवर तर पट्ट्याही नकोत. नक्षी संगणकांतून थेट सुयांस सांगितली जाते. मोकळी नक्षी जिचें मूळच हातीं नाहीं, ती मोकळी कोणासाठीं? ल्योंच्या पंचायतीनें मोहोरबंद नमुने घेतले, त्यायोगें निदान तेथें ते ठेवले गेले. सोलापुरास तसें एखादें दप्तर असावें, जुने कागद जे कोणी देतील ते तेथें उतरून घ्यावे, प्रत्येकावर ‘नांव सांगा, मोकळें ठेवा’ एवढा दोन कलमांचा परवाना असावा, असें मला वाटतें. नक्षीकारांची नांवें अद्यापि वृद्धांच्या तोंडीं असतील तोंवरच हें काम होण्यासारखें आहे. नांवांस जागा कोठें करावयाची हाही प्रश्न नाहीं. चादरीच्या कोपऱ्यास जी चिठ्ठी असते तिच्यावर कारखान्याचें नांव असतें, आतां गांवाचेंही असतें. एक ओळ तींत सहज मावेल.